मागच्या खोलीतली सतरा नंबर

पोस्टमनने विचारलं, "या नावाच्या बाई इथेच राहतात ना?" आणि मी म्हणालो, "हो, राहतात." पाकीट घेतलं, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिलो. पाकिटावर ज्या बाईचं नाव होतं ती इथे राहत नव्हती. कुठेच राहत नव्हती. ती कधी जन्मालाच आली नव्हती. माझ्या बायकोने आणि मी त्रेचाळीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून तिला कागदावर तयार केली होती. वय एकोणीस. धंदा, शिवणकाम. सभासद क्रमांक सतरा. पोस्टमन नवा होता, तीन जिने चढून त्याला धाप लागली होती. मी नाही म्हटलं असतं तर पाकिटावर शेरा मारून तो ते परत घेऊन गेला असता आणि विषय तिथेच संपला असता. पण तोंडातून हो गेलं. बायको जाऊन सात महिने झाले. या सात महिन्यांत मी कुणालाच इतक्या पटकन उत्तर दिलेलं नाही. मुलगा फोन करतो, "बाबा, जेवलात का?" तर त्यावरही मी थोडा वेळ विचार करतो.

मी चष्म्याच्या काचा घासायचो. एकेचाळीस वर्षं एकच काम केलं. दुकानाच्या पुढच्या भागात मालक गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेमी चढवून बघायचे आणि मागे मी, माझं मशीन आणि काचेवर सतत पडणारी पाण्याची धार. काच पाण्याशिवाय घासली तर तापते आणि तडकते. त्या कामात बोलायला लागत नाही. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकूही येत नाही, त्यामुळे न बोलणं माझ्या अंगवळणी पडलं असं लोक म्हणतात. मला वाटतं मी आधीपासूनच तसा होतो, मशीनचं फक्त निमित्त झालं. दुकानाच्या वर एक खोली होती. दर गुरुवारी संध्याकाळी दहा-पंधरा पोरंपोरी जिना वाजवत वर जायची. एस्परांतो नावाच्या भाषेची ती तरुणांची संघटना होती. जगातल्या सगळ्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून कुणीतरी ही भाषा मुद्दाम तयार केली आहे आणि आपल्या देशात ती आपण पसरवायची, एवढं त्यांचं काम. मालक म्हणायचे, "वर वेड्यांचा बाजार भरतो. पण पोरं सभ्य आहेत, जिन्यावर थुंकत नाहीत." एकदा त्यातली एक मुलगी चष्म्याची निखळलेली काच तळहातावर घेऊन मागच्या दाराने सरळ माझ्याकडे आली. मी काच बसवून दिली. ती म्हणाली, "ही भाषा कुणी तयार केली माहितीय? डोळ्यांच्या डॉक्टरने. म्हणजे तुमच्याच धंद्यातल्या माणसाने. तुम्ही खाली बसून काय करता? वर या." ती संघटनेची सेक्रेटरी होती. सगळे तिला सेक्रेटरीच म्हणायचे, पुढे मीही तेच म्हणत राहिलो, लग्नानंतरही. आईसमोर ती मला अहो म्हणायची आणि आई आत गेली की, "काय रे काचवाल्या."

वरच्या खोलीचा एक नियम होता. उंबरा ओलांडला की आपली भाषा बंद. चुकून आपल्या भाषेतला एक शब्द जरी निघाला तरी कोपऱ्यातल्या तीन पायांच्या लाकडी स्टुलावर दहा मिनिटं गप्प बसायचं. त्याला मुक्याचं स्टूल म्हणायचे. ही शिक्षा हसत-खेळत व्हायची, कुणी रडायचं नाही. पण माझ्यासारखा त्यावर कुणीच बसला नसेल. मला शब्द आठवायचे नाहीत. खिडकी उघडा म्हणायचं असलं तरी आधी आपलाच शब्द जिभेवर यायचा. तो निघाला की सगळे एका सुरात ओरडायचे आणि मी स्टुलावर. पुढे पुढे तर मी आपणहून जाऊन बसायला लागलो. तिथून सेक्रेटरी छान दिसायची. टेबलाच्या कडेला टेकून ती पोरांच्या चुका काढायची, एका हाताने चष्मा वर सरकवत. एका गुरुवारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि आपल्या भाषेत, सगळ्यांच्या देखत, नियम मोडून म्हणाली, "तुला इथे बसायला आवडतं, होय ना?" मग पोरांनी तिलाही स्टुलावर बसवलं. मी उठायच्या आत. त्या स्टुलावर दोघं मावत नाहीत. आम्ही मावलो.

सतरा नंबर त्याच वर्षीची. संघटनेच्या परदेशातल्या मुख्य कचेरीचा नियम होता की तिशीच्या आतले निदान सतरा सभासद असले तरच देशाची शाखा धरायची. आमच्याकडे सोळा होते. यादी पाठवायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवसावर आली होती. सेक्रेटरी म्हणाली, "एक माणूस कमी म्हणून अख्खा देश बाद?" आणि तिने फॉर्म पुढे ओढला. नाव तिने सुचवलं, धंदा मी. पत्ता तिच्याच घरचा दिला, भाडेकरू म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. पण आमच्यासारख्यांच्या हे लक्षात यायला हवं होतं की या लोकांत यादी नुसती यादी राहत नाही. प्रत्येक नव्या सभासदाला कचेरी परदेशातल्या एका सभासदाचा पत्ता पाठवायची, पत्रमैत्रीसाठी. महिन्याभरात सतरा नंबरला एका मुलीचं पत्र आलं. दूर उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरात ती ट्राम चालवायला शिकत होती. सेक्रेटरी म्हणाली, "एका पत्राचं उत्तर तरी द्यावं लागेल. नाहीतर पकडले जाऊ." मी म्हणालो, "दे." या विषयावरचं माझं तेवढंच बोलणं. दोन वर्षांत सोळाचे नऊ झाले, शाखा बंद पडली. लग्न झाल्यावर मुक्याचं स्टूल, छपाईचा जुना रूळ आणि कागदांच्या दोन पेट्या आमच्या मागच्या खोलीत आल्या. मला वाटलं सतरा नंबरही तेव्हाच संपली. मी परत कधी विचारलं नाही. मी दहा ते आठ दुकानात असायचो आणि टपाल दुपारी बारा वाजता येतं.

निवृत्त झाल्यावर मी घरी बसू लागलो तेव्हा ती रोज बाराच्या सुमाराला खाली जायची. "जरा गुडघे मोकळे करून येते." चपलांचा आवाज तीन जिने उतरायचा आणि परत चढायचा, चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचा. तो आवाज मला अजून येतो. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. जिन्यावर दिवसभर कुणी ना कुणी असतंच. पण बारा वाजता तो आवाज दुसऱ्या मजल्यावर थांबतो, मी हातातलं काम ठेवतो आणि तो पुढे येत नाही. एवढंच. कधी कधी मागच्या खोलीत खुर्ची सरकल्यासारखं वाटतं. मी जाऊन बघत नाही. बघितलं तर ती तिथे नसेल, हे मला माहीत आहे. म्हणून तर जात नाही.

त्या दिवशी गेलो. पाकीट हातात होतं आणि वाचायला शब्दकोश लागणार होता. पेटीवरचं झाकण काढलं तर शब्दकोशाखाली पत्रांचे गठ्ठे, वर्षावार सुतळीने बांधलेले. सगळे ट्रामवालीचे. त्रेचाळीस वर्षांचे. मी मधलंच एक काढलं. भाषा मी विसरलो म्हणत होतो, पण वाचताना तेवढी विसरलेली नव्हती. ऐकून ऐकून आत कुठेतरी गाळ बसला असावा. पहिल्याच ओळीत होतं, तुझ्या घरमालकाची दाढ थांबली का दुखायची? दुसऱ्या पत्रात, घरमालकाने शेवटी नवा सदरा शिवू दिला हे वाचून मी ट्राम डेपोत मोठ्याने हसले. तिसऱ्यात, तो इतका घोरतो आणि तुला भिंतीपलीकडे ऐकू येतं, तर सेक्रेटरीला झोप कशी लागते? मी जमिनीवर बसलो. म्हणजे लग्नानंतर सेक्रेटरीने तिचा पत्ता बदलून आमच्या घरचा कळवला होता आणि माझ्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं एक शिवणकाम करणारी बाई भाड्याने राहत होती. आमच्या घरातलं सगळं ती बघत होती आणि लिहून कळवत होती. माझी दाढ, माझं घोरणं, आईशी झालेली भांडणं. सेक्रेटरीला स्वतःचं काही सांगायचं असलं की ते या बाईच्या तोंडून जायचं, कारण सेक्रेटरी स्वतः फार हसरी आणि खंबीर होती. सगळे तसंच म्हणायचे. मीही.

मग मी आजचं पाकीट फोडलं. खिडकीशी धरलं आणि कामाचं भिंग डोळ्याला लावलं. ट्रामवालीचं अक्षर आता थरथरतं. तीही म्हातारी झाली, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. तिने लिहिलं होतं, दहा महिने झाले तुझं पत्र नाही. तू आजारी आहेस की सेक्रेटरी? मी रोज तिच्याबद्दल विचार करते. तू लिहिलं होतंस की तिला आपला आजार कळून चार महिने झाले आणि तिने नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. मी तुला रागावून लिहिलं होतं की हा त्याच्यावर अन्याय आहे, तू तिला तसं सांग. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. तिने त्याला सांगितलं का, तेवढं मला कळव.

हे दहा महिन्यांपूर्वीचं. मला डॉक्टरांच्या खोलीत कळलं ते त्यानंतर महिन्याभराने. डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "पाच महिन्यांपूर्वी तुम्हाला सांगितलं होतं की..." आणि सेक्रेटरीने त्यांच्याकडे असं बघितलं की ते थांबले. मी तिला तिथे काही बोललो नाही. घरी येऊनही नाही. त्यानंतर दोन महिने ती होती आणि त्या दोन महिन्यांत मी तिला का सांगितलं नाहीस हे विचारलं नाही. मनात मात्र सारखं तेच चाललं होतं. औषधं दिली, पाय चेपले, भांडी घासली. भांडी तर मी इतकी घासली की मुलगा म्हणाला, "बाबा, त्या पातेल्यावरची कल्हई जाईल." ती गेल्यावरही राग गेला नाही. लोक भेटायला यायचे आणि मी गप्प बसायचो तेव्हा त्यांना वाटायचं दुःखाने. थोडा रागानेही होतो. चाळीस वर्षं एका छताखाली राहून मी त्या सांगण्याच्या लायकीचा ठरलो नाही, एवढंच मला दिसत होतं. आणि आता कळलं की सांगितलं होतं. एका ट्राम चालवणाऱ्या बाईला, जिला तिने कधी बघितलंही नाही.

पत्राला दुसरी बाजू होती. मी ते जवळजवळ घडी करून ठेवलं होतं. मागे लिहिलं होतं, तुझं ते वाक्य मी कितीदा तरी वाचलं. तू लिहिलंस की काचवाला घरी बसल्यापासून सकाळी चहाच्या वेळेला बोलायला लागलाय. स्वप्न सांगतो, गिऱ्हाइकांच्या जुन्या गोष्टी सांगतो, एकदा तर त्याने गाणं म्हटलं. सेक्रेटरी म्हणते, एवढी वर्षं वाट बघून मला हा माणूस मिळाला. सांगितलं तर तो परत स्टुलावर जाऊन बसेल. अजून थोडे दिवस मला चहा पिऊ दे.

मी ते भिंग लावून वाचलं, मग भिंग काढून वाचलं. नीट वाचता आलं नाही ते अक्षरामुळे नव्हे. मी खरंच बोलायला लागलो होतो. मला ते कळलंही नव्हतं. सकाळी मशीनचा आवाज नसायचा, आणि ती समोर चष्मा वर सरकवून बसलेली असायची. मी काय काय बोललो ते आठवायला लागलो. एका म्हाताऱ्या शिक्षकाला मी चुकून त्याच्या बायकोच्या नंबराचा चष्मा दिला होता आणि तो महिनाभर तोच लावून हिंडला, कारण त्याला बायको काय बघते ते कळत होतं म्हणे. ही गोष्ट मी तिला तीनदा सांगितली असेन. तिन्ही वेळा ती हसली. म्हणजे त्या चार-पाच महिन्यांत ती हसत होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं. आणि तिचं म्हणणं खरं निघालं. कळल्या दिवसापासून मी स्टुलावर जाऊन बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता. रविवारी येऊन मागची खोली रिकामी करायची, असं त्याचं दोन महिने चाललं आहे.

"बाबा, टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलंय. पेट्या, तो रूळ, ते मोडकं स्टूल, सगळं जाऊ दे. खोली मोकळी झाली की हवा खेळेल."

"रविवारी नको."

"का नको? आहे काय त्या खोलीत?"

"भाडेकरू आहे," मी म्हणालो.

त्याने तिकडचा टीव्ही बंद केला. मग फार सांभाळून म्हणाला, "बाबा, तुम्ही बरे आहात ना? तुमच्या सुनेला देऊ का फोन?"

"बरा आहे रे. तुझ्या आईची भाडेकरू. जुनी. आल्यावर सांगतो."

"तुम्ही? सांगणार?" तो हसला. हसण्यात टोमणा होता आणि टोमण्याच्या मागे दुसरंच काहीतरी. मग त्याने तेच विचारलं जे तो सात महिने अधूनमधून विचारतो. "शेवटच्या दिवशी आई काही म्हणाली होती का हो? मी गाडीत होतो, पोचलो नाही. तुम्ही होतात."

मी नेहमी म्हणतो, काही नाही. या वेळी म्हणालो, "रविवारी सांगतो." आणि फोन ठेवला.

ती म्हणाली होती, "बोल ना काहीतरी." सकाळची वेळ होती, चहाचीच. इस्पितळाच्या खिडकीतून उजेड सरळ तिच्या तोंडावर येत होता. मी बोलायला गेलो आणि शब्द आठवेना. त्या वरच्या खोलीत व्हायचं तसंच. या वेळी तर भाषा आपलीच होती. तिचा चष्मा उशाशी पडला होता, काचेवर बोटांचे ठसे होते. मी तो उचलला आणि पुसायला लागलो. सदऱ्याच्या टोकाने, वाफ घालून, उजेडाकडे धरून, परत पुसून. काच पुसणं मला येतं. कोपऱ्यात फ्रेमच्या खाचेत मळ होता, तो नखाने काढला. किती वेळ गेला माहीत नाही. चष्मा इतका स्वच्छ झाला की काच आहे की नाही कळेना. मग मी तो तिच्या नाकावर ठेवला, कानांमागे नीट बसवला, गिऱ्हाइकाला बसवतात तसा, आणि म्हणालो, "दिसतंय?" तेव्हा ती गेलेली होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, असू दे, तुम्ही प्रेमाने पुसत होतात. तसं नव्हतं. मी घाबरून पुसत होतो.

मी मुक्याचं स्टूल मागच्या खोलीतून उचललं आणि खिडकीशी तिच्या टेबलापुढे ठेवलं. खुर्चीवर बसायचं धाडस झालं नाही. कागद घेतला. आधी वाटलं सरळ लिहावं, बाई, तुम्हाला जी लिहीत होती ती कधी नव्हतीच, आम्ही एका नियमासाठी तिला खोटी तयार केली. ते खरं होतं. पण ते लिहिताना हात चालेना. ट्रामवालीची त्रेचाळीस वर्षांची मैत्रीण एका वाक्यात पुसून टाकायची, आणि तिच्याबरोबर सेक्रेटरीचं जे काही मला कधी न सांगितलेलं होतं तेही. मी आधीच एकदा पुसत बसलो होतो. मग मी सतरा नंबरच्या नावाने लिहायला घेतलं. शब्द थोडेच येत होते, लहान मुलाचे असतात तेवढे, आणि प्रत्येक दुसऱ्या शब्दाला कोश उघडावा लागत होता. कधीकधी असं वाटतं की जास्त शब्द असते तर मी सजवलं असतं. जे होते त्यांत सजवता येत नव्हतं.

मी लिहिलं, प्रिय मैत्रिणी, सेक्रेटरी वारली. सात महिने झाले. नवऱ्याला डॉक्टरांकडे कळलं. तू म्हणालीस ते बरोबर आणि तिचंही बरोबर. तो स्टुलावर जाऊन बसला. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, बोल. त्याने चष्मा पुसला. तो बोलला तेव्हा तिला ऐकू आलं नाही.

इथे मी थांबलो. बारा कधीच वाजून गेले होते, जिना शांत होता. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पेटीही उघडी होती. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दोन बायकांच्या मध्ये मी शिरलो होतो आणि कुणी हाकललं नव्हतं. खाली लिहिलं, मी आता ही खोली सोडते आहे. माझं वय झालं, डोळे शिवणाला साथ देत नाहीत. यापुढे तुला काचवाला स्वतः लिहील. त्याची भाषा कच्ची आहे, रागावू नकोस. तुला तिच्याबद्दल जे काही माहीत असेल ते सगळं त्याला हवं आहे. आणि सही केली, नाव आणि खाली सतरा. तिचं अक्षर मला जमलं नाही. मी जमवायला गेलोही नाही.

मग दुसरा कागद घेतला. हा माझा. वर तारीख टाकली. पहिलं वाक्य मनात जुळवलं आणि लिहायच्या आधी मोठ्याने म्हणून बघितलं. त्या भाषेत, खिडकीकडे तोंड करून, बऱ्यापैकी खणखणीत. मी काचवाला. सभासद क्रमांक सोळा. माझी बायको सकाळी चहा प्यायची आणि मी तिला गोष्टी सांगायचो.

लग्नानंतर कित्येक वर्षं मी त्या भाषेत एखादा शब्द जरी उच्चारला तरी ती असेल तिथून, स्वयंपाकघरातून, मोरीतून, चूक दुरुस्त करून ओरडायची. म्हणून तर मी बोलायचं सोडलं होतं, आणि तिलाही ते माहीत होतं. वाक्यात दोन तरी चुका असणार. मी वाट बघितली.

मागच्या खोलीतून कुणी चूक काढली नाही. मी ते वाक्य तसंच लिहिलं.